संत्र्याची साल, फ्लोराइड आणि दोनदा परत आलेला प्रस्ताव

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम नागपूरजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. संत्र्याच्या सालीपासून अधिशोषक, म्हणजे पाण्यातला पदार्थ स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा माल, तयार करून विहिरीच्या पाण्यातला फ्लोराइड काढायचा, असा प्रस्ताव त्यांनी केंद्र सरकारच्या अनुदानासाठी दोनदा पाठवला आणि तो दोन्ही वेळा परत आला. शेरा एका ओळीचा होता: 'नावीन्याचा अभाव, उपयोगिता अस्पष्ट'. त्या विचारतात, "आमच्यासारख्यांना हा पैसा मिळतच नाही का? की आयआयटीवाल्यांसाठीच असतो? घरचे तर म्हणतात, सरकारी संशोधन म्हणजे कागद काळे करणं."

मी एकतीस वर्षं एका केंद्रीय प्रयोगशाळेत पाण्यावर काम केलं. शेवटची काही वर्षं प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवरही बसलो. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून जरा लांबण लागेल, पण सरळ सांगतो.

आधी पैशाचं बोलून घेऊ. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये होता. देशाच्या जीडीपीशी ताडून पाहिला तर तो ०.६४ टक्के भरतो. कोरिया, इस्रायल हे देश चार टक्क्यांच्या पुढे आहेत. आपल्या खर्चातला ४३.७ टक्के वाटा एकट्या केंद्र सरकारचा आणि खासगी उद्योगांचा ३६.४ टक्के. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चात संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा या तिघांचाच वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे. शेती, आरोग्य, पर्यावरण, मूलभूत विज्ञान आणि विद्यापीठांना मिळणारी अनुदानं हे सगळं उरलेल्यात. तेव्हा घरच्यांना सांगा, कागद काळे करायला तरी कागद पुरेसा कुठे आहे!

सगळ्यांना खुली असलेली अनुदानं आता मुख्यतः अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडून येतात. २०२३ च्या कायद्याने ही संस्था उभी राहिली आणि अनुदानं देणारं जुनं मंडळ, सर्ब, तिच्यात विलीन झालं. पाच वर्षांसाठी ५०,००० कोटींचं चित्र मांडलं गेलं, पण त्यात सरकारी तिजोरीतले १४,००० कोटी आणि बाकीचे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे आहेत. अलीकडे एक लाख कोटींच्या निधीची बातमी तुम्ही वाचली असेल. तो मुख्यतः उद्योगांना स्वस्त दराने दीर्घ मुदतीचं भांडवल पुरवण्यासाठी आहे आणि प्रयोगशाळेतून बऱ्यापैकी पुढे आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. तुमच्या कामाचा त्याच्याशी आज संबंध नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता तुमचा प्रस्ताव. तुम्ही जोडलेला सारांश मी दोनदा वाचला. नाराज होऊ नका, पण समितीत मी असतो तर मीही तो परत पाठवला असता. कारण मात्र तुम्हाला वाटतं ते नाही. तुमच्या महाविद्यालयाचं नाव कुणी विचारलंही नसेल. शेंगांची टरफलं, केळीची साल, लिंबोळीची पेंड, नारळाची करवंटी, संत्र्याची साल, मोसंबीची साल... अशा गोष्टी वाळवून, जाळून, आम्लात बुडवून पाण्यातलं काहीतरी काढल्याचे प्रस्ताव तपासनिसाने इतके पाहिलेले असतात की शीर्षक वाचतानाच त्याचा हात शेऱ्याकडे जातो. संत्र्याच्या सालीवर तर जगभर काम झालंय. नागपूरच्या माणसाने संत्र्याचा प्रस्ताव आणला की समितीत एक ठरलेला विनोदही होतो, तो इथे लिहीत नाही.

पण खरी अडचण रसायनाच्या पोटात आहे. नुसती साल फ्लोराइड धरत नाही. पेक्टिनमधल्या कार्बोक्सिल गटांमुळे विहिरीच्या पाण्याच्या सामूला (पीएचला) सालीचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि फ्लोराइडही ऋणभारित. म्हणून सगळे जण सालीवर आधी ॲल्युमिनियम, झिर्कोनियम, लँथॅनम किंवा लोह चढवतात. तुम्हीही ॲल्युमिनियम चढवलं. म्हणजे फ्लोराइड धरण्याचं काम ॲल्युमिनियम करतंय, साल फक्त त्याला बसायला पाट देतेय. तपासनीस लगेच विचारणार की पाटच हवा असेल तर तो संत्र्याचाच कशाला? सारांशात याचं उत्तर नाही.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. '९६ टक्के फ्लोराइड निघाला' असं तुम्ही लिहिलंय आणि मोजणी स्पॅडन्स या, रंगावरून फ्लोराइड मोजण्याच्या पद्धतीने केलीय. मॅडम, स्पॅडन्समध्ये ॲल्युमिनियम थेट ढवळाढवळ करतं. पाण्यात थोडं जरी ॲल्युमिनियम सुटलं तरी ते फ्लोराइडला धरून बसतं आणि रीडिंग खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. म्हणजे तुमचा अधिशोषक जितका जास्त पाझरेल तितका तो कागदावर जास्त चांगला दिसेल! तुमच्या ९६ मधले किती खरे आणि किती ॲल्युमिनियमच्या कृपेचे, हे आजच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. यासाठी फ्लोराइडचा आयन-निवडक, म्हणजे फ्लोराइडच ओळखणारा इलेक्ट्रोड घ्यायचा आणि नमुन्यात टिसॅब नावाचं बफर द्रावण घालायचं. त्यातला बांधणारा घटक ॲल्युमिनियमच्या मिठीतून फ्लोराइड सोडवतो. ॲल्युमिनियम जास्त असेल तर तेही अपुरं पडतं, म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं ॲल्युमिनियम वेगळं मोजायचं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲल्युमिनियमची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ आहे. फ्लोराइडची १.० आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. एक विष काढताना दुसरं पाण्यात ओतलं जात नाही, हे दाखवल्याशिवाय कुठलीही समिती पुढे जाणार नाही, आणि जाऊही नये.

तुमचे प्रयोग लिटरला ५० मिलिग्रॅमच्या, तेही डिस्टिल्ड पाण्यातल्या फ्लोराइडवर आहेत. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या त्रासदायक विहिरींत अनेकदा दोन ते पाच मिलिग्रॅम असतो. सोबत भरपूर बायकार्बोनेट. फ्लोराइड जास्त असलेलं आपलं भूजल बहुधा कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त, असंच असतं, किंबहुना म्हणूनच खडकातला फ्लोराइड त्यात विरघळून राहतो. हे बायकार्बोनेट अधिशोषकावरच्या जागांसाठी फ्लोराइडशी भांडतं आणि सामूही वर ढकलतं. डिस्टिल्ड पाण्यात पैलवान असलेला पदार्थ विहिरीच्या पाण्यात लंगडतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी विहिरीचंच पाणी घेतो.

एक हिशेब करून पाहा. एका कुटुंबाला पिण्या-शिजवण्यासाठी रोज २० लिटर पाणी लागतं. फ्लोराइड चारवरून एकवर आणायचा, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम, रोज ६० मिलिग्रॅम काढायचा. खऱ्या पाण्यात तुमच्या अधिशोषकाने ग्रॅममागे १ मिलिग्रॅम धरला असं समजू, हे काही वाईट नाही. मग रोज ६० ग्रॅम लागला, वर्षाला सुमारे २२ किलो. पन्नास घरांच्या वस्तीला ११०० किलो. ओल्या सालीत तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, धुण्या-चाळण्यात घट होते ती वेगळी. म्हणजे पाच टनांच्या घरात ओली साल हवी. ती कुठून आणणार? 'नागपूर संत्र्यांचं शहर, साल मुबलक' हे वाक्य तुमच्या प्रस्तावात आहे. अहो, नागपूरच्या कळमना बाजारात संत्रं विकलं जातं, साल नाही! आपलं संत्रं सुट्या सालीचं, हाताने सोलून खाण्याचं. त्याची साल दिल्लीच्या, कोलकात्याच्या, बांगलादेशातल्या घराघरांतल्या कचऱ्यात जाते. इथे एकगठ्ठा मिळेल ती रसाच्या कारखान्यातून आणि रसवाल्यांकडून, आणि तीही अंबिया बहाराची ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या महिन्यांत काय? साल साठवली तर बुरशी धरते. शिवाय रसवाले ती ओलीच देणार, तुम्हाला ती वाळवायची आहे. वाळवायला आपल्याकडचा मे महिना आहे म्हणा, त्याचं अनुदान कुणाकडे मागावं लागत नाही.

हा हिशेब प्रस्तावात नव्हता, म्हणून शेऱ्यात 'उपयोगिता अस्पष्ट' आलं. त्या दोन शब्दांमागे एवढं सगळं असतं. समिती ते लिहून देत नाही, ही तिची चूक मी मान्य करतो. आमच्यासमोर एका दिवसात तीस-चाळीस प्रस्ताव असायचे, प्रत्येकाला दहा मिनिटं. काही चांगले प्रस्ताव त्या दहा मिनिटांत मेलेही असतील. माझा स्वतःचा एक मेला होता. त्याचं दुःख मला अजून आहे, पण तो विषय वेगळा.

आता पुढे काय करायचं ते सांगण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे.

फ्लोराइड काढण्याची आपल्या देशातली सगळ्यात गाजलेली पद्धत आपल्या नागपुरात जन्मली. १९५८ मध्ये इथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली, १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणतो. तिथल्या लोकांनी सत्तरच्या दशकात जी पद्धत बसवली तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, तेव्हाच्या आंध्रातल्या जिल्ह्याच्या नावावरून. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात ठरावीक प्रमाणात घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. विज्ञान चोख होतं, सामान किराणा दुकानात मिळणारं, खर्च नगण्य. जगातल्या इतर फ्लोराइडग्रस्त देशांनीही ती वापरून पाहिली.

मग गावोगाव फ्लोराइड का राहिला? तुरटीचं प्रमाण पाण्याच्या फ्लोराइडवर आणि अल्कतेवर ठरतं, विहीर बदलली की प्रमाण बदलतं, उन्हाळ्यात तीच विहीर बदलते. रोज ढवळायचं कुणी? गाळ टाकायचा कुठे? तुरटी जास्त पडली तर पाणी तुरट लागतं आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. अनेक वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वस्तीत आम्ही टाकी बसवली होती. सहा महिन्यांनी गेलो तर टाकीत कुणीतरी ज्वारी भरून ठेवलेली. घरातल्या आजी म्हणाल्या, "पाणी बेचव लागे बाप्पा, अन् ढवळाले माणूस कोठून आणू? पोरं कापसाले जातेत." आमच्या अहवालात तोवर 'यशस्वी प्रात्यक्षिक' छापून झालं होतं. पुढे सक्रिय ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे, आलं, त्याला काही महिन्यांनी कॉस्टिक आणि आम्लाने पुनर्जीवित करावं लागतं. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोडवर चालणारी विद्युत-अपघटनी पद्धत आली, सौरऊर्जेवरही चालवली गेली. प्रत्येक वेळी प्रयोगशाळेतला प्रश्न सुटला आणि गावातला तसाच राहिला. किंवा असं म्हणू, प्रत्येक वेळी त्याचा एकेक पदर सुटला.

म्हणून फ्लोराइडमध्ये आज न सुटलेला प्रश्न 'आणखी एक अधिशोषक' हा नाही. गावातल्या खऱ्या पाण्यात, महिनोन्‌महिने, शिकलेल्या माणसाविना तो किती चालतो, कधी संपतो, संपला हे घरच्या बाईला कसं कळतं आणि वापरलेला माल कुठे टाकायचा, हे प्रश्न उरलेत. यातला एकही प्रश्न पवईत किंवा कानपुरात बसून सोडवता येत नाही. तुमच्या वर्गात मारेगावच्या, केळापूरच्या, वरोऱ्याच्या पोरी बसतात. त्यांच्या घरी तेच पाणी येतं. हे भांडवल आयआयटीवाल्याकडे नाही. तुम्ही मात्र प्रस्तावात ते कुठेच लिहिलं नाही आणि पंचवीस लाखांचं एफटीआयआर, म्हणजे पदार्थातले रासायनिक बंध ओळखणारं यंत्र मागितलं.

तर नवा प्रस्ताव असा बांधा. शीर्षकातून संत्रं काढून टाका, किमान मागे न्या. पुढे ठेवा तो प्रश्न: ॲल्युमिनियम चढवलेला जैव-अधिशोषक जास्त बायकार्बोनेटच्या विहिरीच्या पाण्यात किती दिवस फ्लोराइड १.५ च्या खाली ठेवतो आणि त्या काळात ॲल्युमिनियम ०.२ च्या वर जातं का? या प्रश्नाचं उत्तर 'जातं' असं आलं तरी ते छापण्याजोगं आणि दुसऱ्याला उपयोगी आहे, आणि समितीला नेमकं हेच आवडतं. तिला तीन वर्षांनी उत्तर मिळणार याची खात्री हवी असते. तुमच्या सारांशात यशाची खात्री होती, तीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

पहिल्या वर्षी फक्त पाझर आणि खरं पाणी. चंचुपात्रातले ढवळण्याचे प्रयोग चार महिन्यांत संपवा आणि अधिशोषक भरलेल्या नळीतून पाणी वाहतं ठेवण्याच्या प्रयोगाकडे या. दुसऱ्या वर्षी तीन वेगळ्या गावांच्या पाण्यावर नळ्या चालवा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा धरून. शेजारी बाजारातलं सक्रिय ॲल्युमिना त्याच पाण्यावर चालवा. तुलना नसलेला प्रस्ताव अर्धा असतो. तिसऱ्या वर्षी एका हातपंपाजवळ यंत्रणा लावा, पण तिचं पाणी कुणाला पाजू नका. मोजा आणि ओतून द्या. माणसांना पाणी पाजायचं म्हटलं की नैतिकता समितीची परवानगी, आरोग्य तपासणी, जबाबदारी हे सगळं येतं आणि तुमच्या पहिल्या प्रकल्पाला ते झेपणार नाही. वापरलेल्या मालातून फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम पुन्हा किती सुटतं, याची चाचणी शेवटच्या वर्षात घाला. जल जीवन मिशनमुळे त्या गावात लवकरच धरणाचं पाणी येणार असेल तर तेही लपवू नका. समितीत कुणीतरी विचारणारच, तेव्हा जिथे नळ पोचायला वेळ आहे अशी वस्ती निवडल्याचं कारण तुमच्याकडे तयार हवं.

यंत्रांचं. एफटीआयआर मागू नका. समिती मनात काय हिशेब करते ते सांगतो: हे यंत्र तीन वर्षांत किती तास चालेल, प्रकल्प संपल्यावर देखभालीचा करार कोण भरेल, आणि त्या खोलीत एसी आहे का? वैज्ञानिक उपकरणांवरची पाच टक्क्यांची जीएसटी सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, तेव्हापासून बहुतेक उपकरणांवर १८ टक्के भरावे लागतात, हे तुमच्या अंदाजपत्रकात धरलेलंच नाही. तुम्हाला लागतं ते एवढंच: चांगला आयन मीटर, दोन फ्लोराइड इलेक्ट्रोड (एक तुटतोच), पेरिस्टाल्टिक पंप, नळ्या, ओव्हन आणि यूपीएस. बाकी एक्सआरडी (स्फटिकरचना पाहणारं), इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, आयसीपी (धातू मोजणारं) यांचे नमुने बाहेरून दर नमुन्यामागे पैसे भरून करून घ्या. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर कुठलं उपकरण कुठे आहे आणि त्याचा दर काय ते सापडतं, नोंदणी करा.

आणि नागपूरकडे जरा नीट पाहा. पाण्यासाठी नीरी. साल आणि तिचा हंगाम यासाठी अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. ॲल्युमिनियमसाठी वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम केंद्र, १९८९ पासूनचं. माती आणि वापरलेल्या मालाचं काय होईल यासाठी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, त्याचं मुख्यालयच इथे. नळीच्या गणितासाठी व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था. भूजल मंडळाचं मध्य क्षेत्र कार्यालयही नागपुरातच आहे, विहिरींच्या फ्लोराइडचे वर्षानुवर्षांचे आकडे त्यांच्याकडे असतात. तुमच्या एका प्रश्नाला लागणाऱ्या इतक्या केंद्रीय संस्था एका शहरात, एका दुपारच्या फेरीत येतील इतक्या जवळ, देशात फार ठिकाणी नाहीत. यातल्या एका शास्त्रज्ञाला सहसंशोधक करा. ओळख नाही म्हणता? मलाही नव्हती. ईमेलला उत्तर येणार नाही, दोन पानी टिपण घेऊन प्रत्यक्ष जा. तिथल्या माणसालाही गावात जाणारे हात हवे असतात, त्यांच्याकडे यंत्रं असतात आणि विद्यार्थी नसतात.

प्रयोगशाळा नुसती टिकवून ठेवण्याचा उपयोग काय, हे घरच्यांना सांगायचं असेल तर कोविडचं उदाहरण द्या. नाकात काडी घालण्याऐवजी मिठाच्या पाण्याने पंधरा सेकंद गुळणी करून नमुना घ्यायचा आणि आरटी-पीसीआर करायचं, ही पद्धत नीरीच्या पर्यावरणीय विषाणुशास्त्र विभागाने बसवली आणि मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. विषाणूंवर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आणि यंत्रं आधीपासून पगारावर होती म्हणून हे इतक्या झटपट झालं. त्या आधीच्या वर्षांत कुणी 'याचा उपयोग काय' असं विचारलं असतं, तर सांगायला फार काही नव्हतं.

माणसाचं अंदाजपत्रक नीट करा. नेट किंवा गेट झालेल्या ज्युनियर रिसर्च फेलोला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि सीनियरला ४२,००० असा दर आहे, वर घरभाडं. घरभाड्यासाठी नागपूर वाय वर्गात मोडतं, मुंबई-पुण्याचा दर लावू नका. तुम्ही लावला होता. अशी चूक छोटी असते, पण तपासनीसाला वाटतं की बाकीचे आकडेही कुठून तरी उचललेत. आणि गावाकडे जाणारी व्यक्ती मोटारसायकलवर जाणार की एसटीने, नमुने थंड कसे राहणार, हे प्रवासाच्या मथळ्याखाली दोन ओळींत लिहा.

मंजुरीनंतरचं दुखणं वेगळं असतं आणि ते कुणी आधी सांगत नाही. पैसा यंत्रांच्या आणि आवर्ती खर्चाच्या वेगवेगळ्या मथळ्यांखाली येतो, एकातला दुसऱ्यात वळवता येत नाही. ३१ मार्चला खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे यूसी म्हणतो, ते द्यावं लागतं. यूसी अडलं की पुढचा हप्ता अडला. हप्ता अडला की फेलोचा पगार अडला. आमच्या एका प्रकल्पात हप्ता २४ मार्चला आला आणि ३१ पर्यंत खर्च दाखवायचा होता. त्या सात दिवसांत आम्ही जे विकत घेतलं त्यातलं निम्मं नंतर कपाटात पडून होतं. तो पैशाचा चुराडा होता, हे मान्य. पण तो शास्त्रज्ञाने मजेने केलेला नव्हता, कॅलेंडरने करवून घेतलेला होता. खरेदीचे नियम जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी बरेच सैल झाले: निविदेशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेरून उपकरणं घेण्याचा अधिकार संस्थाप्रमुखाला मिळाला. ही सूट तुमच्या महाविद्यालयाला लागू होते का, हे मंजुरीपत्र आल्यावर आधी विचारून घ्या.

तुमचं महाविद्यालय ट्रस्टचं आहे. मग पीएफएमएसवर (सरकारी पैसे ज्यातून येतात त्या पोर्टलवर) नोंदणी आणि एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आजच तपासा. कित्येक मंजूर प्रकल्प याच दोन गोष्टींसाठी चार-चार महिने लटकलेले मी पाहिलेत. तुमच्या हिशेब विभागातल्या क्लार्कशी आत्तापासून चांगलं वागा, हे गंमत म्हणून सांगत नाही. प्राचार्यांपेक्षा तो माणूस तुमचा प्रकल्प जास्त वाचवेल किंवा बुडवेल. वर्षातून एकदा धरमपेठेत तर्री-पोहे खायला न्या, तेवढ्याने भागतं.

आयआयटीवाल्यांनाच मिळतं का, हे राहिलं. बहुतांश त्यांना मिळतं, खोटं कशाला बोलू. त्यांचे प्रस्ताव संख्येनेही जास्त असतात आणि लिहिलेले बरे असतात, कारण शेजारच्या खोलीत कुणीतरी आधी दहा लिहिलेले असतात. राज्य विद्यापीठांसाठी फाउंडेशनने पेअर नावाची योजना काढली आहे. त्यात एक मोठी संस्था केंद्र आणि भोवती छोट्या विद्यापीठांच्या संस्था, अशी जोडणी असते. तिथे तुम्ही एकट्या अर्ज करू शकत नाही, विद्यापीठामार्फत जावं लागतं, म्हणून विभागप्रमुखांच्या कानावर घाला. तुमच्यासाठी जवळचा मार्ग मात्र मला वेगळा दिसतो. आधी राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगासारख्या ठिकाणी किंवा विद्यापीठाच्याच छोट्या निधीतून काही लाखांत पहिल्या वर्षाचं काम करा. आयन मीटर घ्या, स्पॅडन्सचे सगळे आकडे नव्याने मोजा. कदाचित तुमचे ९६ टक्के ५५ निघतील. ते ५५ आणि मोजणीत फरक कसा पडला हे लिहून दिल्लीला पाठवा. तो तक्ता पाहिलेला तपासनीस तुमचा पुढचा शब्द लक्ष देऊन वाचेल.

आणखी एक. पुढच्या आठवड्यात पोरींना गावाहून पाणी आणायला सांगाल तेव्हा काचेच्या बाटल्या देऊ नका, पॉलिथिनच्या द्या. त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायला सांगा, आणि हातपंप पाच मिनिटं चालवल्यावरच. बाटलीवरच्या कागदी पट्टीवर विहिरीचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहायची, पेनची शाई ओल्या हाताने पुसते.